निळा धूर: रिंगा गेल्या की वॉल्व्ह सील?

जुनी मारुती 800 निळा धूर मारायला लागली की गॅरेजात पहिलं वाक्य ठरलेलं: "इंजिन काम काढावं लागेल." पण निळ्या धुरावरून नक्की कळतं ते एवढंच, की ऑइल जळतंय. (काळा धूर जादा पेट्रोलचा. पांढरा आणि रेंगाळणारा असेल, सोबत रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल, तर संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण (हेड) आणि खालचं इंजिन यांच्यामधल्या पातळ पत्र्यावर.) ऑइल सिलिंडरमध्ये शिरतं मुख्यतः दोन वाटांनी. खालून, पिस्टनभोवतीच्या झिजलेल्या कड्यांच्या (रिंगांच्या) कडेनं, किंवा वरून, वॉल्व्हच्या दांडीवरच्या छोट्या रबरी सीलमधून. पहिल्या दुखण्यात पिस्टन बाहेर काढावे लागतात, दुसऱ्यात हेड न उतरवताही भागतं. म्हणून पाना हातात घेण्याआधी धूर केव्हा येतो ते बघा.

सील कडक झालं असेल तर रात्रभर उभ्या गाडीत हेडमधलं ऑइल दांडीवरून हळूहळू खाली झिरपतं. सकाळी स्टार्ट करताच एक भपकारा येतो आणि थोड्या वेळात धूर साफ होतो. दुसरी खूण घाट उतरताना दिसते. पाय अॅक्सिलरेटरवरून काढलेला, गाडी गिअरमध्ये. अशा वेळी कार्ब्युरेटरची झडप बंद असते, पण इंजिन हवा ओढतच असतं, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये (हवा आत नेणाऱ्या नळ्यांमध्ये) जोरदार व्हॅक्यूम तयार होतो आणि इनटेक वॉल्व्हच्या गाइडमधून (दांडी ज्या नळीत वरखाली होते तिच्यातून) ऑइल आत खेचलं जातं. उतार संपल्यावर अॅक्सिलरेटर दाबला की मागे निळा ढग! सिग्नलला बराच वेळ आयडलवर थांबून निघतानाही हेच होतं.

रिंगा गेल्या असतील तर धूर चढावर येतो. खंबाटकी भरल्या गाडीनं चढताना तो सतत दिसतो, गाडी ओढत नाही. जळता वायू रिंगांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये (क्रँक फिरतो त्या इंजिनाच्या खालच्या पोकळीत) उतरतो. आयडलवर ऑइल भरायचं झाकण उघडा: आतून भकाभक धूर बाहेर येत असेल, ब्रीदरची (क्रँककेसमधली वाफ बाहेर काढणारी) नळी आणि एअर फिल्टरचा डबा ऑइलनं माखला असेल, तर रोख रिंगांकडे. त्याआधी डिपस्टिक मात्र बघाच. वरच्या खुणेपेक्षा जास्त ऑइल भरलं किंवा ब्रीदर तुंबला, तरी धडधाकट इंजिनही धूर काढतं.

खात्री करायची तर कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर. इंजिन गरम करा, तिन्ही प्लग काढा, कॉइलची मुख्य वायर काढून इंजिनाच्या धातूला जोडा (अर्थिंग), कुणाला तरी अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगून स्टार्टर मारा. एखाद्या सिलिंडरचा आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर रिंगा, कारण ऑइलनं त्यांची फट तेवढ्यापुरती भरली.

इथेच बरेच जण चुकतात. आकडा वाढला नाही म्हणजे "वॉल्व्ह सील गेले", असं त्यातून निघत नाही. कॉम्प्रेशन धरतं ते वॉल्व्हचं सीट, म्हणजे वॉल्व्ह बंद होताना ज्या कडेवर बसतो ती. दांडीवरच्या सीलचा त्याच्याशी काही संबंध नाही. तेव्हा न वाढणारा आकडा सीटची किंवा हेड गॅस्केटची गळती सांगतो. सील गेलेल्या इंजिनाचं कॉम्प्रेशन सहसा ठणठणीत असतं, आणि सकाळचा भपकारा आणि सोबत चांगलं कॉम्प्रेशन हाच सीलचा सर्वांत भरवशाचा पुरावा.

सील घरी बदलता येतात. दोन्ही वॉल्व्ह बंद असलेल्या स्ट्रोकवर पिस्टन थोडा खाली ठेवून प्लगच्या भोकातून मऊ नायलॉनची दोरी आत भरा, टोक बाहेर राहू द्या, मग हातानं क्रँक फिरवून पिस्टन वर आणा. दोरी वॉल्व्हला खालून आधार देते आणि स्प्रिंग दाबून तिला धरून ठेवणारे छोटे लॉक काढता येतात. सील काढल्यावर दांडी बोटानं हलवून बघा. ती स्पष्ट खुळखुळत असेल तर गाइडही झिजलेलं आहे, नवं सील फार दिवस टिकणार नाही, आणि मग हेड उतरवलेलंच बरं.

रिंगांचं काम घरच्या अंगणातलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) मोजल्याशिवाय नुसत्या नव्या रिंगा घालणं म्हणजे पैसे पाण्यात: लंबगोल झालेल्या बोअरमध्ये गोल रिंग बसत नाही. ब्लॉक बोरिंगवाल्याकडे न्या, गरजेप्रमाणे ओव्हरसाइझ पिस्टन घाला.

सील बदलल्यावर लगेच निकाल लावू नका. सायलेन्सरमध्ये साचलेलं जुनं ऑइल जळेपर्यंत काही दिवस धूर दिसतोच. गाडी सपाट जागी, इंजिन थंड असताना डिपस्टिकची पातळी लिहून ठेवा आणि हजार किलोमीटरनंतर पुन्हा बघा.