शीतारंभ, मोटारगाडीचा

गारठलेले एंजिन सुरू करण्याची क्रिया. जुन्या गाड्यांत तिचे दोष दोन प्रकारचे असतात : एंजिन पुरेशा वेगाने फिरत नाही, किंवा फिरते पण पेट घेत नाही. हा भेद न पाहताच ठिणगी देणारे प्लग बदलत बसणे ही नेहमीची चूक होय.

एंजिनला प्रथम फिरविणाऱ्या विद्युत् मोटरीचे, म्हणजे स्टार्टरचे, मूळ वादग्रस्त आहे. इंग्लंडमध्ये एच. जे. डाउसिंग यांनी आर्नल्ड गाडीला तो सु. 1896 मध्ये बसविला असे मानतात; रूढ झाला तो मात्र 1912 च्या कॅडिलॅकपासून, चार्ल्स केटरिंग यांच्या रचनेमुळे. त्याआधी एंजिन हाताने हँडल मारून फिरवीत; असे हँडल उलटून झालेल्या दुखापतीने मोटार-उत्पादक बायरन कार्टर 1908 मध्ये दगावले व त्यातूनच कॅडिलॅकने स्टार्टरचा ध्यास घेतला, ही कथा बरीच प्रचलित आहे. तिचे तपशील जुळत नसल्याने ती जपूनच घ्यावी.

हँडल गेले आणि थंडीचा भार बॅटरीवर आला. शिसे-अम्ल बॅटरीची क्षमता −18° से.ला निम्म्याच्या आसपास उतरते, तर दाटलेल्या तेलामुळे एंजिन फिरविण्यास जोर अधिक लागतो. म्हणून भार नसताना बॅटरीवर 12.6 व्होल्ट दिसले तरी निर्णय देऊ नये. स्टार्टर फिरत असताना विद्युत् दाब सामान्यतः 9.6 व्होल्टच्या खाली जाता कामा नये. दाब टिकूनही स्टार्टर रेंगाळला, तर गंजलेली टर्मिनले व अर्थिंगची पट्टी तपासावी.

एंजिन फिरूनही पेटत नसल्यास प्लग काढून पाहावा. कोरडा असेल तर इंधन पोहोचत नाही. ओला असेल तर ठिणगी कमकुवत आहे किंवा चोकने (हवा अडविणाऱ्या झडपेने) इंधन-हवेचे मिश्रण अति समृद्ध, म्हणजे इंधन जास्त असलेले, केले आहे. बॅलास्ट रोध (ठिणगीसाठी उच्च दाब निर्माण करणाऱ्या कॉइलचा प्रवाह मर्यादित ठेवणारा रोध) असलेल्या मंडलातील एक दोष विशेष फसवा असतो. स्टार्टर फिरताना दाब पडतो, म्हणून तेवढा वेळ रोध वगळून कॉइलला थेट पुरवठा दिलेला असतो. ही वगळतार तुटली, तर किल्ली धरून ठेवली असता एंजिन पेटत नाही, सोडताक्षणी मात्र एखादा झटका देते. याउलट रोधच तुटला, तर किल्ली सोडताच चालू झालेले एंजिन बंद पडते.

इंधन-अंतःक्षेपणाच्या (फ्युएल इंजेक्शनच्या) गाड्यांत शीतक-तापमानाचा संवेदक चुकून ‘गरम’ सांगू लागला, तर मिश्रण विरळ राहते. डीझेलला ठिणगीच नसल्याने तेथे तापप्लग (ज्वलनकक्ष आधी तापविणारे प्लग) व थंडीत इंधनात गोठणारे मेण पाहावे लागते.