ख्रिस मॅकिव्हट: पदकापलीकडची कारकीर्द

ऑस्ट्रेलियाचा रग्बीपटू ख्रिस मॅकिव्हट याचं नाव निघालं की आधी ऑलिंपिकचं सुवर्णपदक सांगितलं जातं. माझ्या मते त्या पदकाचं जरा जास्तच कौतुक होतं. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रग्बीला संघ होते दोनच. मॅकिव्हटच्या ऑस्ट्रेलियाने ब्रिटनतर्फे उतरलेल्या कॉर्नवॉलला ३२-३ असं लोळवलं आणि स्पर्धा संपली.

ती रग्बी युनियन होती. पंधरा जणांची आणि निदान कागदोपत्री तरी हौशी. खेळताना हाड मोडलं तर बुडालेली मजुरी ज्याची त्याने सोसायची. याच पैशांवरून १८९५मध्ये उत्तर इंग्लंडमधले क्लब फुटून निघाले. १९०६मध्ये त्यांनी संघ तेरा जणांवर आणला आणि खेळ मोकळा झाला. हीच पुढे रग्बी लीग. हे लोण १९०७मध्ये सिडनीत पोहोचलं. तिथे लीग उभी करणाऱ्यांत खजिनदार कोण, तर क्रिकेटवाला व्हिक्टर ट्रम्पर!

१९०९मध्ये जेम्स जॉयन्टन स्मिथ या धनिकाने पैसा ओतून युनियनचे डझनभराहून अधिक कसोटीवीर लीगकडे ओढले. त्यांत मॅकिव्हटही होता. युनियनची दारं बंद झाली. तो सिडनीच्या ग्लीब क्लबकडून खेळू लागला आणि १९११-१२च्या ब्रिटन दौऱ्यावर कर्णधार म्हणून गेला. तिथल्या कसोट्यांत न्यूकॅसलला १९-१० असा विजय, एडिनबराला ११-११ अशी बरोबरी, बर्मिंगहॅमला ३३-८ असा विजय, आणि ॲशेस, म्हणजे ब्रिटनविरुद्धची कसोटी मालिका, ऑस्ट्रेलियाच्या खिशात. ब्रिटनमध्ये ॲशेस पुन्हा जिंकायला ऑस्ट्रेलियाला थेट १९६३ उजाडलं.

बूट खुंटीला टांगल्यावर मॅकिव्हट सिडनी लीगमधल्याच नॉर्थ सिडनी क्लबचा प्रशिक्षक झाला. त्या क्लबला तोवर एकही विजेतेपद नव्हतं. माणसं मात्र तगडी होती: विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, हॅरॉल्ड हॉर्डर, चाली रचणाऱ्या हाफबॅकच्या जागी डंकन थॉम्पसन, महायुद्धात छातीत गोळी खाऊन परतलेला. मॅकिव्हट स्वतः हाफबॅक. थॉम्पसनला याहून चांगला गुरू कुठे मिळाला असता?

१९२१मध्ये नॉर्थ अव्वल आला. पण राष्ट्रीय संघाच्या दौऱ्यामुळे तो हंगाम आखूड होता, अंतिम सामनाही झाला नाही, त्यामुळे नाकं मुरडायला जागा होती. १९२२मध्ये तीही उरली नाही. नॉर्थ आणि ग्लीबचे गुण सारखे झाल्याने अंतिम सामना खेळवावा लागला आणि मॅकिव्हटच्या पोरांनी त्याच्याच जुन्या क्लबचा ३५-३ असा धुव्वा उडवला. ग्लीबला विजेतेपद कधीच मिळालं नाही. १९२९च्या हंगामानंतर तो स्पर्धेतूनच बाहेर गेला. नॉर्थ १९९९पर्यंत खेळत राहिला, पण तिसरं विजेतेपद काही त्याच्या हाती लागलं नाही.