द्विशिक्षकी शाळा

पहिली ते चौथी किंवा पाचवीपर्यंतचे सगळे वर्ग ज्या प्राथमिक शाळेत दोनच शिक्षक सांभाळतात तिला द्विशिक्षकी शाळा म्हणतात. महाराष्ट्रात वाडी, वस्ती, पाडा, तांडा अशा लहान वसाहतींतल्या जिल्हा परिषद शाळांचे हे नेहमीचे रूप आहे. इथली मुले प्रामुख्याने अल्पभूधारक, शेतमजूर, ऊसतोड व वीटभट्टी कामगार, मेंढपाळ आणि आदिवासी कुटुंबांतली असतात. ज्यांना फी आणि गाडीभाडे परवडते ते पालक मुलांना बहुधा बाजारगावातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालतात. त्यामुळे गावात जेवढी गरिबी असते त्याहून शाळेच्या पटावर ती अधिक दाट दिसते. या शाळांचे गुण आणि अडचणी एकाच ठिकाणाहून येतात: पट म्हणजे विद्यार्थिसंख्या लहान, माणसे दोन आणि काम मात्र पूर्ण शाळेचे.

पट आणि पदे

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्या ताब्यात आल्या. त्या काळी एकशिक्षकी शाळा सर्रास होत्या. १९८७ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या खडू-फळा मोहिमेने प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक (त्यांपैकी शक्यतो एक महिला) आणि मूलभूत साहित्य असावे असा दंडक घातला. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने तो पक्का केला. या कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी ६० पटापर्यंत दोन, ६१ ते ९० ला तीन आणि ९१ ते १२० ला चार शिक्षक मिळतात. स्वतंत्र मुख्याध्यापकाचे पद १५० पटाच्या पुढे. त्याखालच्या शाळेत दोघांपैकी ज्येष्ठ शिक्षक ‘प्रभारी’ असतो आणि आपले वर्ग सांभाळून कार्यालयही चालवतो.

पदे ठरतात ती दरवर्षीच्या संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे मंजूर करण्याच्या प्रक्रियेत. त्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरला जातो आणि अलीकडे त्यातही आधार वैध झालेलेच विद्यार्थी मोजले जातात. व्यवहारात घोळ इथेच होतो. जन्मदाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे स्पेलिंग, शाळेच्या प्रवेश नोंदवहीत म्हणजे जनरल रजिस्टरला तिसरे, अशी मुले रोज वर्गात बसतात पण मोजणीत येत नाहीत. पट ६३ असलेल्या शाळेत अशी तीन मुले निघाली की तिसरे पद जाते. म्हणून जाणते शिक्षक जून-जुलैमध्येच दाखले जुळवून घेतात. सप्टेंबरअखेर आधार केंद्रावर रांग लावून ते काम होत नाही.

वेळेचा हिशेब

कायद्याला पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन अपेक्षित आहे, म्हणजे दिवसाला चार तास. दोन शिक्षकांत चार वर्ग वाटले की प्रत्येक वर्गाच्या वाट्याला शिक्षकाचे थेट लक्ष फार तर दोन तास येते आणि वर्षाचे ८०० तास ४०० वर येतात. उरलेल्या वेळात मूल काय करते यावर शाळेचा दर्जा ठरतो. शिक्षक किती तळमळीचे आहेत हा प्रश्न त्यानंतरचा.

वर्गांची वाटणी बहुतेक ठिकाणी पहिली-दुसरी एकाकडे आणि तिसरी-चौथी दुसऱ्याकडे अशी असते. दुसरी पद्धत म्हणजे पहिली एकाकडे स्वतंत्र आणि बाकी तिन्ही वर्ग दुसऱ्याकडे. पहिलीत नवी मुले जास्त आली असतील किंवा अंगणवाडीत तयारी झाली नसेल तर जून ते दिवाळी ही दुसरी वाटणी उपयोगी पडते. त्यापुढे ती ताणू नये, कारण तीन वर्ग एका खोलीत कोंबल्याचा भार गणितावर पडतो. भाषेत मिश्र वर्ग फारसा अडत नाही. एकच गोष्ट ऐकून पहिलीचे मूल चित्र काढते, दुसरीचे दोन वाक्ये लिहिते आणि तिसरीचे शेवट बदलून सांगते. गणिताला मात्र पायऱ्या असतात. हातच्याची वजाबाकी न आलेल्या मुलाला भागाकाराच्या तासाला बसवून काही साधत नाही.

पहिली-दुसरीचा ४० मिनिटांचा एक तास नीट आखला तर असा जातो. पहिली दहा मिनिटे दोन्ही वर्ग एकत्र, गाणे किंवा उलट-सुलट मोजणी. मग दुसरीच्या मुलांना आधीच काढून ठेवलेली कार्डे देऊन जोडीने वाचायला बसवायचे आणि पंधरा मिनिटे पहिलीबरोबर काड्यांचे दशकाचे गठ्ठे बांधायचे. नंतर अदलाबदल: पहिली गठ्ठे-सुट्टे मांडून संख्या लिहिते, शिक्षक दुसरीकडे येतो. शेवटची काही मिनिटे दोन्हीकडचे काम पाहण्यासाठी. खोलीच्या समोरासमोरच्या भिंतींवर दोन फळे असावेत आणि मुले पाठीला पाठ करून बसावीत, म्हणजे एका वर्गाचे शिकवणे दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर येत नाही. भिंतीवर जमिनीलगत रंगवलेला फळ्याचा पट्टा असला तर रिकाम्या वर्गाला लिहायला जागा मिळते. शंभर मण्यांची माळ, खेळातल्या नोटा, अक्षरकार्डे हे साहित्य मुलांच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर हवे. कपाटात कुलूपबंद साहित्यावर तपासणीत चांगला शेरा मिळतो, एवढाच त्याचा उपयोग.

हे बिघडते ते ठरावीक जागी. ज्या वर्गाकडे शिक्षकाची पाठ आहे त्याला ‘फळ्यावरचे उतरवून घ्या’ एवढेच काम मिळते. चुणचुणीत मूल पाच मिनिटांत मोकळे होऊन शेजाऱ्याच्या खोड्या काढते, तर मागे पडलेले मूल अक्षरांचे आकार गिरवत राहते आणि वही मात्र भरलेली दिसते. अशी सुबक वही असलेले, पण त्यातला शब्द वाचता न येणारे मूल तिसरीत सापडते तेव्हा दोन वर्षे गेलेली असतात. यावर उपाय स्वस्त आहे. महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाला एकट्याने समोर बसवून अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट या क्रमाने वाचून घ्यायचे आणि ते कुठे थांबले ते लिहून ठेवायचे. ग्रामीण मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहणीत २००५ पासून हीच पायरी वापरली जाते. तीस मुलांच्या शाळेत दोघांना हे दोन दिवसांत उरकते. मग रोज तासभर इयत्ता बाजूला ठेवून वाचनाच्या पातळीप्रमाणे गट करायचे. मोठ्या शाळेत यासाठी वेळापत्रक मोडावे लागते, इथे मुलांनी जागा बदलली की झाले.

दुसरा शिक्षक नसतो तेव्हा

कागदावर द्विशिक्षकी असलेली शाळा बऱ्याच दिवशी प्रत्यक्षात एकशिक्षकी असते. परिसरातल्या शाळांच्या गटाची म्हणजे ‘केंद्रा’ची शिक्षण परिषद, प्रशिक्षण, पंचायत समितीत माहिती देणे, बँकेचे काम, रजा यांतले काहीही निघाले की उरलेला शिक्षक सगळे वर्ग घेऊन बसतो आणि वर काढलेले ४०० तास २०० च्या दराने मिळू लागतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने अशैक्षणिक कामे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढ्यांपुरती ठेवली आहेत. पण निवडणुकीच्या नावाखाली मतदार यादीचे बीएलओचे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे) काम वर्षभर पुरते. त्यात दोघांपैकी एकाला दुसऱ्या शाळेत ‘कामगिरी’वर म्हणजे तात्पुरते पाठवले तर पद भरलेले दिसते आणि वर्ग मात्र रिकामा राहतो.

नोंदींचे ओझेही पटाच्या प्रमाणात कमी होत नाही. हजेरीपट, जनरल रजिस्टर, कॅशबुक, आहाराची साठा नोंदवही, आकारिक व संकलित मूल्यमापनाच्या नोंदी, व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त आणि यू-डायस या शाळांच्या सरकारी माहिती प्रणालीत भरायची माहिती २० मुलांच्या शाळेलाही तेवढीच ठेवावी लागते जेवढी २०० च्या शाळेला. मोठ्या शाळेत ती अधिक जणांत वाटली जाते. इथे ती प्रभारी शिक्षकाच्या वर्गाच्या मुळावर येते, म्हणून प्रभार असलेल्याकडे पहिली देऊ नये हा अनुभवी केंद्रप्रमुखांचा (अशा शाळागटावर देखरेख करणाऱ्यांचा) आग्रह रास्त आहे.

पैशाचेही तसेच. समग्र शिक्षा अभियानातून ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५,००० रुपये संयुक्त अनुदान मिळते, त्याखालच्या पटाला याहून कमी. त्यात खडू-कागद, डागडुजी, शौचालयाची स्वच्छता आणि वीजबिल बसवायचे. पैसे वर्षाच्या शेवटी आले तर तोवर बिल थकते, वीजजोड तुटते आणि लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही किंवा संगणक झाकून ठेवावा लागतो. असे साहित्य देणगीत घेतानाच ग्रामपंचायतीकडून बिलाची सोय ठरावात लिहून घेणे किंवा सौर पॅनेल बसवणे शहाणपणाचे.

आहार

दुपारचे जेवण हा गरीब वस्तीतल्या शाळेचा कणा आहे. देशव्यापी योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. शिजवलेले अन्नच द्यावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल, मिळून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने असे प्रमाण आहे. २४ मुले हजर असतील तर २ किलो ४०० ग्रॅम तांदूळ, ४८० ग्रॅम डाळ, १२० ग्रॅम तेल. हजेरी घेतल्यावरच धान्य मोजून द्यायचे असते. कालच्या अंदाजाने तांदूळ काढला की महिनाअखेर नोंदवही आणि पोते जुळत नाही. पोती उतरवून घेताना प्रत्येक पोते काट्यावर घालावे, पावतीवरच्या वजनावर सही करू नये. वाढण्याआधी शिक्षकाने आणि शक्यतो एका पालकाने जेवण चाखून चव नोंदवहीत लिहायचे असते. २५ पर्यंतच्या पटाला एकच स्वयंपाकी-मदतनीस मिळते. ती आजारी पडली तर पर्यायी बाई कोण, हे शाळा व्यवस्थापन समितीने आधीच ठरवलेले बरे. नाहीतर त्या दिवशी एक शिक्षक चुलीपाशी जातो.

लहानपणाचा फायदा

अशा शाळेत शिक्षकाला प्रत्येक मूल नावानिशी आणि घरासकट माहीत असते. गैरहजर मुलाच्या घरी मधल्या सुट्टीत जाऊन येता येते. भावंडे एकाच खोलीत असल्याने नवे मूल लवकर रुळते. मोठी मुले लहानांचे वाचून घेतात. दुसरीतले मूल तिसरीचा पाठ कानावर पडून अर्धा शिकलेले असते आणि मागे राहिलेल्याला खालच्या वर्गाचे पुन्हा ऐकायला मिळते, तेही नापास झाल्याचा शिक्का न बसता. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असा नियम आहे. लहान गावात ती मंडळी रोज भेटणारी असतात, त्यामुळे छताचा पत्रा उडाला तर ठरावाची वाट न पाहता तो बसवला जातो.

प्रयोगालाही इथे अडसर कमी. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या (एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या गटातल्या) शाळांनी जमिनीवर आखलेल्या चौकटी, वस्तू आणि गटकाम यांतून शिकवण्याची जी रीत बसवली ती पाहायला राज्यभरातून शिक्षक येत राहिले. २२ जून २०१५ चा ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा शासन निर्णय त्याच वातावरणातला. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड वापरण्याच्या कामासाठी २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळवणारे रणजितसिंह डिसले हेही त्या वेळी सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतलेच. अर्थात अशा शाळा बहुतेकदा एका-दोघांच्या जिवावर उभ्या असतात. ऑनलाइन बदलीत ते गेले की रीतही जाते. बदलीपूर्वी साहित्याची यादी, प्रत्येक मुलाची पातळी आणि वेळापत्रक नव्या माणसाच्या हाती देण्याची कुठलीच सक्ती नाही, ही व्यवस्थेतली मोठी उणीव म्हणावी लागेल.

भाषा आणि स्थलांतर

मेळघाटात घरी कोरकू, भामरागडला माडिया, सातपुड्यात पावरी किंवा भिली बोलणारे मूल पहिलीत मराठी पुस्तकासमोर बसते तेव्हा ते अक्षर आणि भाषा दोन्ही एकदम शिकत असते. अशा ठिकाणी पहिले काही महिने घरच्या बोलीत गप्पा, वस्तूंची नावे आणि गाणी, मग हळूहळू मराठी असा क्रम ठेवावा लागतो. शिक्षकाला बोली येत नसेल तर चौथीतले मूल किंवा अंगणवाडी सेविका दुभाषी होते. इथे दोन वर्ग एकत्र असणे चक्क उपयोगाचे ठरते.

बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. म्हणजे दुसरे सत्र जवळजवळ पूर्ण बुडते. आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहाची योजना आहे. ते गाड्या निघण्याआधी सुरू झाले तरच मूल मागे राहते, आठवडाभर उशीर झाला तर ते आई-बापाबरोबर गेलेले असते. फडावर गेलेल्या मुलाला कारखान्याजवळच्या शाळेत दाखल्याअभावी नाकारता येत नाही. जाताना त्याच्याजवळ वाचन-गणिताची पातळी लिहिलेला कागद दिला तर तिथल्या शिक्षकाचे काम सोपे होते.

समूह शाळेचा प्रश्न

राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा साडेचौदा हजारांहून अधिक असल्याची आकडेवारी २०२३ मध्ये पुढे आली. पुणे जिल्ह्यातले पानशेत आणि नंदुरबारमधले तोरणमाळ डोळ्यांसमोर ठेवून अशा शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार त्याच वर्षी मांडला गेला. सहा मुलांच्या शाळेत खेळाचा संघ होत नाही, वादाला जोडीदार मिळत नाही आणि विषयाचा शिक्षक तर नाहीच, हा युक्तिवाद खोटा नाही. पण पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे कायद्याचे नियम सांगतात. डोंगराळ भागात हे अंतर नकाशावर मोजणे आणि पावसाळ्यात ओढा ओलांडून चालणे यांत फार फरक पडतो. एसटी किंवा ठरवलेली गाडी चार दिवस आली नाही तर दहा वर्षांचा मुलगा चालत जातो, सहा वर्षांच्या मुलीला घरी ठेवले जाते. म्हणून विलीनीकरण करायचेच असेल तर पहिली-दुसरी आणि दुपारचे जेवण वस्तीवरच ठेवून तिसरीपासूनची मुले हलवावीत, असा मधला मार्ग शिक्षक सुचवतात. त्यात वस्तीवर एक शिक्षक कायम ठेवावा लागतो, आणि पदे वाचवण्यासाठी केलेल्या हिशेबात तो बसत नाही.