‘मुस्तफा कधी येतलो?’

१८ जून २०२४. कणकवलीत दिवेलागणीची वेळ, बाहेर मुसळधार पाऊस आणि घरात वीज नाही. साडेसात वाजता मोबाइलवर निन्टेन्डो डायरेक्ट, म्हणजे निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीचा घोषणांचा कार्यक्रम, सुरू झाला. कॅपकॉम कंपनी मार्व्हलच्या चित्रकथांवरचे आपले जुने आर्केड गेम (पार्लरमध्ये नाणं टाकून खेळायचे) एका संचात पुन्हा काढणार, अशी घोषणा त्यात झाली. सात गेमच्या यादीत ‘द पनिशर’ होता, १९९३ सालचा. मिनिटभरात मित्राचा मेसेज आला: “पनिशर इलो. आता मुस्तफा कधी येतलो?”

मेसेज साधाच होता, पण त्याच्या मागे तीस वर्षांची गोष्ट आहे. सावंतवाडीपासून चिपळूणपर्यंत चाळिशीच्या आसपासची जी पिढी आहे, तिला हा प्रश्न वेगळा समजावून सांगावा लागत नाही. त्यांच्यापेक्षा लहान असलेल्यांसाठी ही पार्श्वभूमी.

‘मुस्तफा’ हे त्या गेमचं खरं नावच नाही. खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. कॅपकॉमने तो १९९३ मध्ये आर्केड मशीनसाठी काढला. चार खेळगडी होते: जॅक, हॅना, मेस आणि मुस्तफा कैरो. एका मशीनवर तिघांनी मिळून खेळायचं. मुस्तफा चपळ होता, त्याची धावत जाऊन मारलेली लाथ लांबवर पोचायची, म्हणून सगळ्यांना तोच हवा असायचा. त्याच्यासाठी भांडणं व्हायची. शेवटी अख्ख्या गेमलाच त्याचं नाव पडलं, आणि हे फक्त आपल्याकडे नाही, देशभर झालं. आमच्या एस.टी. स्टँडजवळच्या पार्लरमध्ये तीन मशीन होती आणि त्यांपैकी एकासमोर कायम घोळका. पावसाळ्यात तिथे ओल्या रेनकोटचा वास असायचा. पुढचा नंबर आपला हे सांगायला मशीनच्या काचेखालच्या पट्टीवर रुपयाची नाणी ओळीने मांडून ठेवलेली असत. तिसऱ्या स्टेजला कॅडिलॅक गाडी चालवायला मिळते. तिथपर्यंत एका नाण्यात पोचणारा मुलगा आमच्या लेखी मोठा माणूस होता.

घरात गेम आला तो दुसऱ्या वाटेने. निन्टेन्डोने जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी फॅमिली कॉम्प्युटर हे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र बाजारात आणलं. त्याचंच परदेशी रूप भारतात ‘सामुराई’ या नावाने परवाना घेऊन विकलं गेलं, पण कोकणातल्या घराघरांत पोचली ती त्याची स्वस्त नक्कल. गणपतीला किंवा मे महिन्यात मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या सामानात ‘टीव्ही गेम’चा खोका असायचा. अँटेनाच्या जागी वायर खुपसायची, टीव्हीचं बटण फिरवत फिरवत चित्र पकडायचं, आणि आरतीची हाक येईपर्यंत खेळायचं. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं. प्रत्यक्षात तेच मोजके गेम, कधी तिसऱ्या स्टेजपासून सुरू होणारे, कधी जास्त लाइफ दिलेले, वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा यादीत भरलेले.

हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण आम्हाला त्या गेमची खरी नावंच कळली नाहीत. ‘टँकवाला’ म्हणजे नामको कंपनीचा १९८५ सालचा ‘बॅटल सिटी’. ‘सर्कसवाला’ म्हणजे कोनामीचा ‘सर्कस चार्ली’. कुऱ्हाड फेकत रानातून धावणारा तो हडसनचा ‘अ‍ॅडव्हेंचर आयलंड’. अमेरिकेतल्या वा जपानमधल्या मुलाकडे खोका होता, माहितीपुस्तिका होती, कंपनीचं नाव होतं. पुढे तो गेम पुन्हा आला की तो नावानिशी ओळखू शकत होता. आमच्याकडे फक्त सूर होता आणि अंगठ्यांच्या लक्षात राहिलेल्या हालचाली. माझ्या ओळखीतल्या कित्येकांना ‘टँकवाल्या’चं खरं नाव तिशी उलटल्यावर कळलं. ज्याचं नाव माहीत नाही त्याच्या परतण्याची वाट तरी कशी पाहणार? तो पुन्हा आला तरी आपल्याला कळणार नाही, ही टोचणी या पिढीला आहे. ‘कॉन्ट्रा’, ‘मारिओ’ आणि ‘मुस्तफा’ ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी नावं आमच्यापाशी शिल्लक होती, म्हणून सगळी आशा त्यांच्याभोवती गोळा झाली.

पुढे काय येणार याचे अंदाज बांधायची सवयही तिथलीच, आणि ती लागली ‘कॉन्ट्रा’मुळे. वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए. सुरुवातीला एवढं दाबलं की तीन लाइफच्या जागी तीस मिळायच्या. कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी ‘ग्रॅडिअस’ या गेमची घरगुती आवृत्ती तपासताना स्वतःच्या सोयीसाठी हा कोड घातला होता. १९८६ मध्ये गेम बाजारात आला तेव्हा कोड आतच राहिला, आणि पुढे कंपनीच्या इतर गेममध्येही गेला. कोकणात तो कुठल्याही छापील कागदावरून आला नाही. डोंबिवलीच्या आतेभावाने गुहागरच्या मामेभावाला सांगितला, त्याने शाळेत सांगितला. कोड खरा निघाला, आणि मग सांगितलेली प्रत्येक गोष्ट खरी असू शकते असं वाटायला लागलं. मुस्तफात आठव्या स्टेजनंतर नववी आहे, ती फक्त दादरच्या पार्लरमध्ये दिसते, ही पुडी आमच्याकडे दोन वर्षं टिकली. नववी स्टेज नाही. पण तीस लाइफ मिळाल्या होत्या ना, मग नववी स्टेज का नसेल, हा आमचा हिशेब होता आणि त्या वयात तो चुकीचा नव्हता.

मोठ्यांच्या जगातही हेच चाललं होतं. ‘स्ट्रीट फायटर २’च्या इंग्रजी आवृत्तीत एका जपानी ठोशाच्या नावाचं भाषांतर चुकलं आणि ‘शेंग लाँग’ नावाचा कोणी अदृश्य गुरू आहे असा समज पसरला. १९९२ च्या एप्रिल अंकात एका अमेरिकी गेम मासिकाने एप्रिल फूल म्हणून त्याला गाठायची पद्धतही छापली. मुलांनी ती करून पाहण्यात नाणी घालवली.

कंपन्यांनी या उत्सुकतेला एक ठरलेली जागा दिली ती १९९५ मध्ये. त्या मे महिन्यात लॉस एंजेलिसला ‘ई थ्री’ हे व्हिडिओ गेमचं प्रदर्शन पहिल्यांदा भरलं. सेगाने आपलं सॅटर्न यंत्र ३९९ डॉलरला त्याच दिवशी विक्रीला आणलं. थोड्या वेळाने सोनीच्या माणसाने मंचावर येऊन प्लेस्टेशनसाठी ‘२९९’ एवढाच आकडा उच्चारला आणि खाली उतरला. त्यानंतर वर्षानुवर्षं सगळे अंदाज या एका आठवड्याभोवती फिरले. २०११ च्या ऑक्टोबरपासून निन्टेन्डो थेट प्रेक्षकांशी बोलू लागली, बाकीच्यांनीही तीच वाट धरली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ‘ई थ्री’ कायमचं बंद झाल्याचं जाहीर झालं. आपल्यासाठी यात एक चांगलं झालं: मासिक मुंबईहून कोणी आणेल याची वाट पाहायची गरज संपली. घोषणा होते त्याच क्षणी मालवणातला मुलगा ती पाहू शकतो, फक्त वीज आणि रेंज टिकली पाहिजे.

आता मूळ मुद्दा. मुस्तफा परत का येत नाही?

मागणी नाही असं नाही. कॅपकॉमने सप्टेंबर २०१८ मध्ये अशाच मारधाडीच्या सात जुन्या गेमचा संच काढला. त्यात ‘फायनल फाइट’, ‘कॅप्टन कमांडो’, ‘नाइट्स ऑफ द राउंड’ होते. मुस्तफा नव्हता. २०२१ मध्ये ‘कॅपकॉम आर्केड स्टेडियम’ आलं, २०२२ मध्ये त्याचा दुसरा भाग. दोन्हींत तो नव्हता. कारण तो गेम कॅपकॉमचा असला तरी त्यातली पात्रं कॅपकॉमची नाहीत. मार्क शुल्ट्झ या अमेरिकी चित्रकाराच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या चित्रकथांमधून ती घेतली आहेत. शिवाय ‘कॅडिलॅक’ हे नाव जनरल मोटर्सचं. १९९३ मध्ये अमेरिकेतली टीव्ही मालिका, चित्रकथा आणि गेम यांचा मेळ जमला होता, तेव्हा परवाने मिळाले. मालिका तेरा भागांत संपली. परवान्यांची मुदतही केव्हाच सरली. आता गेम पुन्हा विकायचा तर सगळ्यांच्या सह्या नव्याने हव्यात, आणि तीन जणांच्या सामायिक जमिनीवरचं कलम विकायला कोकणात किती हेलपाटे पडतात ते कोणाला सांगायला नको. १९९४ मध्ये सेगा सीडी या यंत्रावर याच मूळ कथेवरचा एक गेम आला होता, पण तो गाडी हाकण्याचा निराळाच गेम. आर्केडचा मुस्तफा कुठल्याही घरगुती यंत्रावर अधिकृतपणे कधीच आला नाही.

म्हणूनच पनिशरने एवढी खळबळ उडवली. तोही मुस्तफाच्याच वर्षीचा, त्याच धाटणीचा, आणि त्याचीही पात्रं परक्या मालकीची, म्हणजे मार्व्हलची. तो अडला होता तसाच हाही अडला आहे. आधी २०१९ मध्ये ‘एलियन व्हर्सेस प्रिडेटर’सुद्धा टीव्हीला जोडायच्या ‘कॅपकॉम होम आर्केड’ या यंत्रातून परत आला होता, आणि त्याचे हक्कही असेच गुंतागुंतीचे. दोन कुलपं उघडली, तर तिसरं का उघडणार नाही? मला हा तर्क पटतो. मार्व्हलसारख्या मोठ्या मालकाशी बोलणी जमत असतील, तर उरलेली अडचण इच्छाशक्तीची आणि पैशाच्या गणिताची आहे.

अंदाज बांधणाऱ्यांची साधनंही आता बदलली आहेत. गेम कोणत्या वयासाठी हे ठरवणाऱ्या देशोदेशीच्या मानांकन मंडळांच्या नोंदी, नव्याने दाखल झालेले ट्रेडमार्क, विक्रीदुकानांच्या आतल्या याद्या, सगळं चाळलं जातं. सप्टेंबर २०२१ मध्ये एनव्हिडिया या चिप कंपनीच्या गेम-सेवेतली एक आतली यादी बाहेर आली. तिच्यात जाहीर न झालेले कितीतरी गेम होते. ‘क्रोनो क्रॉस’ची नवी आवृत्ती २०२२ च्या एप्रिलमध्ये आली, ‘किंग्डम हार्ट्स ४’ त्याच महिन्यात जाहीर झाला, ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’ यायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला. चार वर्षं. नोव्हेंबर २०२० मध्ये कॅपकॉमवर सायबर हल्ला होऊन कागदपत्रं फुटली, तेव्हाही लोकांनी ती बारकाईने वाचली. चोरीच्या कागदांतून आनंद शोधणं मला योग्य वाटत नाही. ज्यांनी ते गेम घडवले त्यांच्या हातून घोषणेचा क्षण हिरावला जातो.

आपल्याकडे आणखी दोन गेमची अशी वाट पाहिली जाते. ‘क्रिकेट ०७’नंतर ईए कंपनीने त्या मालिकेत पुढचा गेम काढला नाही, आणि जुना गेम चाहते नवे संघ, नवे पोशाख घालून आजही जिवंत ठेवतात. ‘व्हाइस सिटी’चं पुनरागमन २०२१ मध्ये झालं, पण गाण्यांचे हक्क संपल्यामुळे काही गाणी गळलेली, म्हणजे ज्या रेडिओसाठी लोक गाडीत नुसते बसून राहायचे तो रेडिओच अपुरा.

‘जुना गेम इंटरनेटवर फुकट मिळतो, मग अधिकृत आवृत्ती कशाला हवी?’ असं तरुण मुलं विचारतात. मी त्यांना आमच्या मावशीच्या चिपळूणच्या घरची गोष्ट सांगतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शिरलं. आठवड्याने कपाट उघडलं तेव्हा कॅसेटच्या डब्यात बोटभर चिखल होता. त्याआधीही खारी हवा त्यांना खातच होती: धातूच्या दातांवर हिरवट थर चढलेला, फुंकर मारून, रॉकेलच्या बोळ्याने पुसूनही चित्र थरथरणारं. सीडींवर तर बुरशी चढते, प्रकाशात धरली की जाळी दिसते. मूळ आर्केड बोर्डाचंही तेच. मुस्तफाच्या अस्सल बोर्डावर एक बॅटरी असते, ती संपली की आवाजाच्या प्रोग्रॅमची किल्ली पुसली जाते आणि बोर्ड निकामी होतो. २०२३ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने मोजून दाखवलं की तिथे २०१० पूर्वी निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज विकत मिळत नाहीत. बेकायदा प्रतींनीच आजवर मुस्तफा जिवंत ठेवला हे मी नाकारत नाही, आणि ज्यांनी ठेवला त्यांचे उपकार आहेत. पण ज्यांनी तो रंगवला, ज्यांनी त्याचं संगीत केलं, त्यांची नावं त्या प्रतींबरोबर कोणी वाचत नाही. मला तो गेम एकदा तरी पैसे मोजून विकत घ्यायचा आहे. पार्लरमध्ये दिलेला रुपया त्यांच्यापर्यंत पोचला नसणार.

मित्राकडे शाळेची जुनी दोनशे पानी वही आहे. शेवटच्या पानावर त्याने २०१८ पासूनचे कॅपकॉमचे सगळे संच लिहून ठेवलेत, प्रत्येकापुढे मुस्तफासाठी एक रकाना. मे २०२५ मध्ये ‘कॅपकॉम फायटिंग कलेक्शन २’ आलं, आठ गेमचं. त्यात ‘पॉवर स्टोन’ होता, मुस्तफा नव्हता. रकान्यात फुली. त्या संध्याकाळी मी त्याच्या अंगणात होतो, आंब्याच्या पेट्या बांधायचं काम चालू होतं. त्याने वही पेटीवर ठेवली, पट्टी घेतली, आणि खाली आणखी पाच ओळी आखल्या.