धोट्यातला धागा

परळ-लालबागच्या गिरण्यांत साचेखात्याला, म्हणजे विणकामाला, मजुरी चांगली मिळे. दलित कामगाराला मात्र तिथे उभे राहू देत नसत; त्याच्या वाट्याला कमी पगाराची खाती येत. धोट्यातली, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातली, सुताची कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि त्या उष्ट्या धाग्याचा सवर्ण कामगारांना विटाळ होई. 1928 च्या सहा महिन्यांच्या संपात ही बंदी उठवा, असा आग्रह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या नेत्यांपुढे धरला. मालकाशी लढताना शेजारच्या कामगाराकडेही हक्क मागावा लागला, ही गोष्ट गिरणगावाचा इतिहास सांगताना आपण फार लवकर ओलांडतो.

पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा झाला. बाबासाहेबांनी कायदेमंडळात त्याची बाजू मांडली होती. देशभरासाठी तसा कायदा यायला 1961 उजाडले.

राज्यघटनेच्या कलम 16 ने जात, धर्म, लिंग, जन्मस्थान यांवरून नोकरी नाकारायला मनाई केली, पण ती सरकारी नोकरीपुरती. त्यामुळे खासगी नोकरीतले संरक्षण तुकड्यातुकड्यानेच आले. 1976 च्या समान वेतन कायद्याने पगाराबरोबर भरतीतही स्त्रियांशी भेदभाव करायला बंदी घातली. त्याच्याच आधारे मुंबईतल्या मॅकिनन मॅकेंझी कंपनीच्या स्टेनोग्राफर ऑड्रे डिकॉस्टा लढल्या, आणि पुरुष स्टेनोइतकाच पगार स्त्रियांनाही द्यावा लागेल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये दिला. त्याआधी 1981 मध्ये एअर इंडियाच्या हवाईसुंदरींचा खटला गाजला. पहिल्या गरोदरपणात नोकरी संपवणारा नियम न्यायालयाने रद्द केला. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न करायचे नाही, ही अट मात्र कायम ठेवली. अर्धाच न्याय होता तो.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मुंबई उच्च न्यायालयाचा 1997 चा निकाल. एका हंगामी मजुराला एचआयव्हीची लागण असल्याचे तपासणीत कळले आणि त्याचे काम गेले. खटल्यात त्याचे नाव उघड होऊ दिले नाही. कागदोपत्री तो फक्त ‘एमएक्स’. माणूस कामाला सक्षम असेल आणि इतरांना धोका नसेल, तर केवळ या आजारावरून त्याला नोकरी नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. संसदेने 2017 च्या कायद्यात ही मनाई देशभर लागू केली. अपंगांसाठी 2016 चा आणि तृतीयपंथीयांसाठी 2019 चा कायदा आहे.

पण जात, धर्म, भाषा, वय या सगळ्यांना खासगी नोकरीत कवेत घेणारा एकच कायदा अजून नाही. अस्पृश्यता पाळून कुणाला नोकरीपासून अडवले, तर 1955 च्या कायद्याने तो गुन्हा ठरतो खरा. मुलाखतीत आडनाव ऐकून ‘कळवतो’ म्हणणाऱ्याविरुद्ध तो सिद्ध करायचा कसा? उमेदवाराच्या हाती तर नकाराचा कागदही नसतो.