वेडाच्या भरात गुन्हा : कलम ८४ आलं कुठून?

खुनाच्या केसमध्ये आरोपीची मानसिक ट्रीटमेंट चालू होती असं बाहेर आलं की लगेच "आता वेडाचं सर्टिफिकेट दाखवून सुटणार" हे सुरू होतं, पण कायद्याचा इतिहास बघितला तर इतक्या सहज कोणी सुटत नाही.

सुरुवात लंडनची, जानेवारी १८४३. डॅनियल मॅकनॉटन नावाच्या माणसाला सत्ताधारी पक्ष आपला छळ करतोय असा भ्रम होता, त्यात त्याने पंतप्रधान पीलच्या सेक्रेटरीला, एडवर्ड ड्रमंडला गोळी घातली. ज्युरीने त्याला वेडा ठरवून निर्दोष सोडलं (घरी नाही, वेड्यांच्या इस्पितळात), लोक खवळले, राणी व्हिक्टोरियाही चिडली, मग हाऊस ऑफ लॉर्ड्सने न्यायाधीशांकडून नियम स्पष्ट करून घेतले. तेच १८६० च्या आयपीसीत, म्हणजे भारतीय दंड संहितेत, कलम ८४ म्हणून आले, की वेडाच्या भरात केलेलं कृत्य गुन्हा ठरत नाही. म्हणजे आजार आहे एवढ्यावर भागत नाही, कृत्य करताना आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हे कळत नव्हतं, हे आरोपीलाच दाखवावं लागतं.

आपल्याकडे रमण राघव आठवा. १९६८ साली मुंबईत पकडला गेला, फूटपाथवर, झोपड्यांत झोपलेल्या गरिबांना मारत होता. पोलीस सर्जन म्हणाले हा वेडा नाही, सेशन्स कोर्टाने फाशीची शिक्षा सुनावली. हायकोर्टाने तीन मानसोपचारतज्ज्ञ बसवले, त्यांनी शेवटी हात मिळवायला हात पुढे केला तर हा म्हणे मी कानूनचा प्रतिनिधी, तुमच्या दुष्ट जगातल्या माणसांना शिवणार नाही. निदान झालं स्किझोफ्रेनियाचं (भ्रम-भास होणारा गंभीर मानसिक आजार), फाशीची जन्मठेप झाली, मग येरवडा, आणि १९९५ ला ससूनमध्ये मृत्यू.

पण मला जास्त छळते ती दुसरी बाजू, जिच्याबद्दल कोणी बोलतच नाही. आसामचा मचांग लालुंग १९५१ ला अटक झाला, तेजपूरच्या मनोरुग्णालयात गेला, १९६७ मध्ये डॉक्टरांनी बरा आहे म्हणून लिहून दिलं तरी घरी न सोडता परत जेलमध्ये टाकला आणि विसरले! सुटला २००५ मध्ये, चोपन्न वर्षांनी, खटला न चालता. आणि पश्चिम बंगालमध्ये तर काहीही गुन्हा नसलेले मनोरुग्ण तुरुंगात ठेवले जायचे, ते बेकायदा आहे हे सुप्रीम कोर्टाने पत्रकार शीला बर्से यांच्या केसमध्ये सांगितलं ते १९९३ ला.

त्यानंतर हळूहळू बदल झाला. सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालात मानसिक आजार हे फाशी रद्द करायचं कारण मानलं गेलं, २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये शिक्षा झाल्यानंतर बळावलेला गंभीर मानसिक आजारही त्यासाठी धरला गेला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगात मानसिक उपचारांची सोय सक्तीची केली. कलम ८४ आता भारतीय न्याय संहितेत कलम २२ झालंय, कसोटी मात्र अजून १८४३ चीच आहे.