आयडलिंगला गाडी थरथरणे आणि बंद पडणे

ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असताना इंजिन स्वतःच्या दमावर फिरत राहतं त्याला आयडलिंग म्हणतात. गरम झालेलं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन यावेळी साधारण ६५० ते ८५० आरपीएमला असतं. मीटरवरचा आरपीएमचा काटा वरखाली नाचायला लागला (याला हंटिंग म्हणतात), स्टिअरिंग थरथरायला लागलं किंवा गाडी थांबवताना इंजिन गपकन बंद पडलं, की बिघाड कुठेय ते शोधावं लागतं. आणि बरेचदा होतं काय, तर शोधायच्या ऐवजी आधी प्लग बदलतात, मग कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारी), मग इंधनाचा पंप, आणि गाडी तशीच थरथरत राहते.

आयडलिंगलाच त्रास का होतो हे आधी समजून घेतलं तर पुढचं सोपं जातं. थ्रॉटल (आत येणारी हवा कमीजास्त करणारी झडप) जवळजवळ बंद असतो, हवा अगदी थोडी आत येते, इन्टेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमध्ये, व्हॅक्यूम जोरात असतो आणि इंजिनकडे जास्तीची ताकद अशी नसतेच. त्यामुळे एखाद्या चिरलेल्या नळीतून शिरलेली थोडीशी हवासुद्धा इथे हवा-इंधनाचं मिश्रण बिघडवते (पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला १ भाग इंधन लागतं), तेवढीच हवा रेस दिल्यावर एकूण हवेत हरवून जाते आणि गाडी एकदम नीट पळते. म्हणून 'रेस दिली की बरी चालते' हे वाक्य मेकॅनिकला आवर्जून सांगावं, अर्धं निदान त्यातच असतं.

दुसरा प्रश्न, नेमकी कधी बंद पडते? थंड असतानाच त्रास असेल तर कूलंट टेम्परेचर सेन्सर चुकीचं सांगत असू शकतो. गरम झाल्यावर अचानक बंद, थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू, असं असेल तर क्रँक सेन्सरवर (इंजिनाचा क्रँकशाफ्ट कसा फिरतोय ते मोजणारा) संशय जातो. पेट्रोल भरल्यावर लगेच स्टार्टिंगला त्रास आणि मग अडखळणं, हे पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनाकडे सोडणारा) उघडा अडकल्याचं लक्षण, कारण टाकीतली वाफ नको तेव्हा इंजिनात ओढली जाते. एसी लावला किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवलं की बंद पडते? मग वाढलेला लोड आयडलिंगला सांभाळता येत नाहीये, थ्रॉटल बॉडी किंवा जुन्या गाड्यांतला आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह काजळीने भरलाय का ते बघा. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर काही गाड्यांत आयडल रीलर्न, म्हणजे कॉम्प्युटरला आयडलिंग नव्याने शिकवणं, करावं लागतं, ते राहिलं की साफसफाईनंतर गाडी आधीपेक्षा वाईट वागते आणि साफ करणाऱ्याला उगाच शिव्या बसतात.

चेक इंजिन लाइट लागला असेल तर बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावायचाच, पण कोड म्हणजे बदलायच्या पार्टचं नाव नाही. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर (इंधन नीट न पेटणं, म्हणजेच मिसिंग), पी ०३०० म्हणजे मिसफायर कुठल्या एका सिलिंडरपुरता नाही, पी ०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी. पहिला सिलिंडर मिसिंग करतोय तर त्याची कॉइल तिसऱ्यावर टाका, कोड पी ०३०३ झाला तर कॉइलच दोषी, नाही झाला तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन असं पुढे जायचं. ही फुकटातली चाचणी आहे, तरी कितीतरी जण आधी नवीन कॉइलच आणतात! लाइट लुकलुकत असेल तर मात्र गाडी फिरवत बसू नये, न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या लाइनमधला धूर स्वच्छ करणारा भाग) जाळून टाकतं.

स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर इंधन किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा) दिसत असेल तर तो कोडपेक्षा जास्त बोलतो. आयडलिंगला ट्रिम +२० टक्के वगैरे आणि २५०० आरपीएमला जवळजवळ शून्य, तर व्हॅक्यूम लीक. उलट लोड वाढेल तसा ट्रिम वाढत गेला तर फ्युएल पंप, फिल्टर किंवा एअर फ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा). यात एक गोम आहे. एअर फ्लो सेन्सर नसलेल्या, मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या गाड्यांमध्ये लीकची हवा सेन्सरला दाबातून कळते, मग ट्रिम फारसा हलत नाही, नुसते आरपीएम चढतात. लीक शोधायला स्मोक टेस्ट (नळ्यांत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघणं) सगळ्यात चांगली. कार्ब क्लीनर फवारून आरपीएम बदलतात का हेही बघतात, पण तो पेट घेतो, गरम सायलेन्सरच्या जवळ हा उद्योग नको.

ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेल्या धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा) काजळीने उघडा राहिला तर जळालेला धूर आयडलिंगलाच आत येतो आणि इंजिन गुदमरतं. डिझेलमध्ये स्पार्कचा प्रश्न नसतो, तिथे इंजेक्टर, इंधनाच्या लाइनमध्ये शिरलेली हवा आणि हाच ईजीआर आधी तपासतात.

चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंग जड होतं आणि व्हॅक्यूमवर चालणाऱ्या ब्रेक बूस्टरमध्ये (ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या भागात) एकदोन वेळा दाबण्यापुरतीच मदत उरते, त्यामुळे ब्रेक पंप न करता एकदाच घट्ट दाबून बाजूला घ्यावी.

आणि हो, काटा अगदी स्थिर असेल, इंजिन कधीच बंद पडत नसेल आणि फक्त सीट नि डॅशबोर्ड थरथरत असेल, तर बॉनेट उघडून इंजिन माउंटिंगचं (इंजिन गाडीला धरून ठेवणाऱ्या आधाराचं) रबर बघा, फाटलेलं असण्याची शक्यता बरीच.